चाड्यावरची मूठ

रक्त तुम्ही नेलं. चोरून नेलं असं कोणी म्हणत नाही. चोर आधी ओट्यावर बसून चहा पीत नाही. तुम्ही चहा घेतलात, पोरांना बिस्किटं वाटलीत, एकेकाच्या दंडाला रबर बांधलंत आणि नळ्या भरून जीपमध्ये ठेवल्यात. बोटं टेबलावर आपटायला लावून यंत्रावर मोजलीत. अंधार करून दिव्याच्या मागं डोळे फिरवायला लावलेत. मोठ्यांच्या मणक्यातलं पाणी काढलंत. त्यानंतर उगल्यांचा थोरला लेक बद्रीनाथ आठवडाभर डोकं धरून बसला होता, ते बघायला तुम्ही नव्हता. तुम्ही म्हणालात, माणसाची मान हलायला लागते तेव्हा हा आजार सुरू होत नाही, कित्येक वर्षं आधीच आत सुरू झालेला असतो. त्याची पहिली खूण शोधायची आहे. खूण कळली तर तिच्यावरून औषध शोधता येईल. आणि म्हणालात, सापडली की पहिल्यांदा तुम्हालाच सांगू.

हे वाक्य उगल्यांच्या घरातल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यांच्यात बहिरं कोणी नाही. मग जीप यायची बंद झाली.

तुम्ही सांगितलं नाही, म्हणून या घराला आपल्या जुन्या खुणेवरच राहावं लागलं. त्या खुणेनं त्या शुक्रवारी काय केलं ते ऐका.

*

चतुराबाई वाटूरहून आली ती फाट्यावर न उतरता उगल्यांच्या वावराशीच उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, इथं स्टॉप न्हाई."

"बस थांबली की स्टॉपच असतो," म्हणत ती पिशवी सांभाळत खाली आली.

दसरा झाला होता. रविवारी कौसल्याची सुपारी फुटायची होती. पोरगा मच्छिंद्र, वाटूरचाच, चतुराबाईच्या भावकीतला, जिनिंगमध्ये कामाला. स्थळ तिनंच आणलं होतं. भाची आपल्या गावात नांदायला येणार म्हणून गेले पंधरा दिवस तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. ते या वावरात लागले.

रस्त्याकडच्या पट्टीत जवारी चार बोटं वर आली होती. एका तासात, म्हणजे पेरणीच्या एका ओळीत, रोपं झुपक्यानं उभी, जत्रेत माणसं एकमेकांना चिकटून राहतात तशी. पुढं हातभर काळी माती नुसती. मग पुन्हा झुपका. शेजारचा तास तसाच, त्याच्या शेजारचाही. गावात याला नांग्या म्हणतात. कुणाच्याही वावरात थोड्याबहुत नांग्या पडतात; पाखरं बी उचलतात, मुंग्या नेतात. पण पाखरं असं एकाआड एक मोजून खात नाहीत.

चतुराबाईनं असे तास जन्मात दोनदा पाहिले होते. पहिल्यांदा बापाचे. दुसऱ्यांदा रामरावचे, तिच्या धाकट्या भावाचे.

तिफण एकानं हाकायची, आणि दुसऱ्यानं ओटीत बी घेऊन संगं चालत चाड्यात मूठ सोडायची. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी. तिच्यातून बी नळ्यांनी खाली फणाशी जातं. मुठीतून दाणे सारखे सुटले तर तास सारखा उगवतो. उगल्यांच्या घरात दोन पिढ्या असं झालं, की मूठ अडखळली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मान हलायला लागली. मग खांदे, मग सगळं अंग. गाव त्याला नाचरं वारं म्हणतं. रामराव रस्त्यानं चालला की लोक म्हणायचे, पिऊन आलाय. चहापलीकडं काही न पिलेला माणूस. शेवटी त्याला चहाही गिळेना.

चतुराबाई घरी आली, पाणी पिली, आणि भावजयीला विचारलं, "दुर्गा, औंदा चाड्यावर कोण होतं?"

"कौसल्या. दरसाल तीच अस्ती. का ओ वन्सं?"

"तू वावरात गेल्ती का?"

"कुठून जाऊ? डोळ्याचं आपरेशन झाल्यापून भुजंगकडंच होते की जालन्याला. परवा आले. ऊन सोसत न्हाई अजून."

"पदर घे डोक्यावर. चल."

*

दुर्गाबाईच्या डोळ्यातला पडदा काढून नवं भिंग बसवलं होतं. त्या डोळ्यानं तिला आधी नातवंडांच्या कपाळावरचे डाग दिसले, मग घरातली कोळिष्टकं. आता हे तास दिसले.

ती बांधावर बसली नाही. पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. वाचता न येणारी बाई. पण हे तिला वाचता येत होतं. ट्रॅक्टर दारात यायला तयार असताना ती दरसाल रस्त्याकडची पट्टी बैलाच्या तिफणीनंच पेरायला लावायची, ती याच्यासाठीच. भुजंग, धाकटा, जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. तो दर दिवाळीला वैतागायचा, "माय, दुनिया कुठं चालली अन् तू कुठं. ट्रॅक्टर लाव." ती म्हणायची, "ट्रॅक्टर समद्यांचं सारखंच पेरतंय. मला त्यातून काय कळणार?"

"तुला कळून काय करायचंय?"

खरं म्हणजे तिला कळायचं नव्हतं. दरसाल तास सरळ उगवला की एक वर्ष मिळालं, एवढंच तिला हवं होतं.

"ती चोवीस वर्षांची हाय, वन्सं," ती म्हणाली. "ह्यांना चाळिशीत सुरू झाल्तं."

"आबाला बी तसंच. पण ती जीपवाली डॉक्टरीणबाई म्हन्ली नव्हती का, एखाद्याला लवकर बी होतं म्हणून?"

म्हणाली होती. प्रत्येक लेकराला आठ आणे, असंही म्हणाली होती. रुपयातले आठ आणे. कोणाला मिळतील, कोणाला नाही, ते जन्माच्या आधीच ठरतं. तीन लेकरं म्हणजे एकाला नक्की असं धरू नका, म्हणाली. तिघांना असंल, एकालाही नसंल. दुर्गाबाईनं ते ऐकलं, आणि रात्री जेवताना तीन ताटांकडं बघून हिशोब केलाच.

*

चुलीपुढं बद्रीनाथची बायको उषाबाई भाकरी थापत होती आणि परातीत पीठ संपत नव्हतं. ओट्यावरचं सगळं आत ऐकू येत होतं. दुपारी भुजंग आला, सुपारीसाठी सुट्टी टाकून. आल्याबरोबर आत्यानं त्याला बाजूला घेतलं. मग तो वावरात जाऊन आला. मग बद्रीनाथ बैलं सोडून आला, पाय धुतले आणि खांबाला टेकून बसला. उषाबाईला त्याचा हात दिसत होता. हात मांडीखाली होता.

"वहिनी, करपली," कौसल्या म्हणाली.

उषाबाईनं भाकरी उलथली. "बाहेर तुझा पंचनामा चाललाय."

"ऐकते मी."

"मंग बोल की."

"काय बोलू?"

काय बोलायचं ते दोघींनाही माहीत होतं. पेरणीच्या दिवशी कौसल्या बाहेर बसली होती. या घरात बाहेर बसलेली बाई बियाला हात लावत नाही. सासू घरात असली काय आणि जालन्याला असली काय. उषाबाई ओटीला बी बांधायला लागली, तर बद्रीनाथ म्हणाला, "तू तिफण हाक. मूठ मी धरतो."

"बाईनं तिफण हाकायची? लोक शेण घालतील तोंडात."

"उजाडायला टाइम हाय. रस्ता मोकळा हाय."

"आवो, मूठ मी धरते की. येतं मला."

"न्हाई. मला बघायचंय."

काय बघायचंय हे तिनं विचारलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून गाय त्याला पान्हा देत नव्हती. गाय द्वाड झाली, असं तो म्हणायचा. उषाबाई बसली की तीच गाय गपगार दूध द्यायची. तिनं रुमणं धरलं, बैल हाकले आणि मागं वळून बघितलं नाही. तास संपला की तो थांबायचा, मूठ उघडायचा. सुटून जायला हवं ते बी तळहातावर शिल्लक असायचं. एकदा म्हणाला, "नीट हाक." ती नीटच हाकत होती.

"मी सांगते बाहेर जाऊन," उषाबाई आता म्हणाली, पण उठली नाही.

"तुमी गप राहायचं," कौसल्या हळू आवाजात म्हणाली. "दादाचं नाव निघालं तर नंदाला उद्या कोण करून घेईल? तेरा वर्षांची पोर. अजून दोघं मागं हायेत."

"अन् तुझं मोडलं तर?"

"मोडू द्या. माझं एकटीचं मोडंल."

उषाबाईनं तिच्याकडं पाहिलं. नणंद म्हणून या पोरीशी तिचं मीठमिरचीवरून, टीव्हीवरून, न्हाणीतल्या साबणावरून भांडण झालेलं होतं. आता ही पोर तिच्या लेकरांसाठी आपलं लग्न टाकून द्यायला निघाली होती, आणि उषाबाईच्या मनात आधी आलं ते हेच, की बरं झालं. ते मनात आलं याची तिला घाण वाटली. तरी ती उठली नाही.

*

ओट्यावर चतुराबाईचं म्हणणं एकच होतं. "रविवारी सुपारी फुटू द्या. पोरगी आज ठणठणीत हाय. पुढचं पुढं. वाटूरचं कोण इतक्या लांब येऊन तुमची जवारी बघतंय?"

"तू बघितली की बसमधून," भुजंग म्हणाला. "ते बी बसनंच येणार हायेत, आत्या. का त्यांच्या डोळ्याला पट्ट्या बांधणार तू?"

"कोळपं घालून मोडून टाका पट्टी. म्हणा, कीड पडली."

"आत्या, लगीन हाय, चोरी न्हाई."

"चोरी कोण म्हन्लं?"

"असंच म्हणून मला आणलं होतं तुमी," दुर्गाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "आज न्हाई दिसत, पुढचं पुढं."

"तवा कुणाला काय ठावं होतं, दुर्गा?"

"तुमाला ठावं होतं. माझ्या लग्नाच्या आधल्या साली तुमच्या बापाचे तास तुमी पाह्यले होते. तुमीच सांगितलं मला. पण कवा? बद्री पाळण्यात असताना."

"आधी सांगितलं अस्तं तर तू आली अस्तीस का?"

"न्हाई."

"मंग बद्री कुठून आला अस्ता?"

दुर्गाबाई थोरल्या लेकाकडं बघत राहिली. याचं उत्तर लेकासमोर द्यायचं नव्हतं.

"अन् मला?" आतून उषाबाईचा आवाज आला. ती उंबऱ्यात येऊन उभी होती, हाताला पीठ. "मला आणलं तवा मामंजींची मान हालत होती. माझ्या बापानं विचारलं. मामी, तुमी म्हन्ल्या, वाताचा तरास हाय."

"म्हन्ले," दुर्गाबाई म्हणाली.

"तुमच्यावर झाली ती फसवणूक. अन् माझ्यावर?"

"ती बी फसवणूकच. म्हणून तर ह्या पोरीच्या टायमाला करायची न्हाई." दुर्गाबाईनं कौसल्याला हाक मारली. "वाटूरवाल्यांना सांगायचं. ऐकून जे ठरवतील ते ठरवतील."

चतुराबाई भिंतीकडं तोंड करून बसली. "माझं नाक कापायचं तर कापा."

"नाक कुणाचं अन् जिंदगी कुणाची," भुजंग म्हणाला. मग त्यानं खिशातून पेपराचा कपटा काढला. कारखान्यात डबा गुंडाळलेला कागद. त्याच्यावर भाजीचं तेल पसरलं होतं. "हे बी ऐका. त्यांना खूण सापडली. मेंदूचा आजार, बापाकडून-आईकडून लेकराला येणारा. आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधी रक्तात अन् मणक्याच्या पाण्यात फरक पडतो म्हणे. डोळ्याच्या हालचालीत बी पडतो. मराठवाड्यातल्या एका घराच्या सहकार्यानं, असं छापलंय."

"कोणत्या घराच्या?" चतुराबाईनं विचारलं.

"नाव न्हाई दिलं."

"बरं केलं बाई."

"काय बरं केलं? रक्ताला नाव होतं का नव्हतं? आमाला सांगायचं होतं पहिल्यांदा. भाजीच्या तेलातून कळून राह्यलं."

बद्रीनाथचा हात अजून मांडीखालीच होता.

दुर्गाबाई उठली. चुलीतली मूठभर राख आणून तिनं ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. सुपात जवारी आणली. "कौसल्या, मूठ भर. ह्या रेघंवर सोडत चाल."

"कशाला, माय? वावरात दिसलं की."

"मी न्हवते वावरात. माझ्या डोळ्यासमोर सोड."

कौसल्यानं मूठ भरली. ती चालली. दाणे चार-पाच सुटले, मग मूठ आवळली, मग भसकन झुपका पडला, मग रिकामं, मग झुपका. टोकाला जाऊन ती उभी राहिली आणि आईकडं पाहिलं नाही.

चतुराबाईनं डोळ्याला पदर लावला. भुजंग खाली बघत होता.

दुर्गाबाई मात्र रेघेवर वाकली. नव्या डोळ्यानं झुपक्यावरून झुपक्यावर गेली, आणि सावकाश सरळ झाली. "सोंग करू नको."

"कसलं सोंग?"

"ह्यांची मूठ मी तीन पेरण्या पाह्यली. अडखळणारा माणूस अडखळायचं बघत न्हाई. तो नीट सोडायचं बघतो, म्हणून तर झुपक्याच्या आधी दोन-चार दाणे रेंगाळत पडतात. तुझे झुपके मोजून पडलेत. पुन्हा सोड."

"माय..."

"पुन्हा."

कौसल्या हलली नाही. तिची मूठ बंद होती आणि ती इतकी स्थिर होती की सगळ्यांना दिसत होतं.

बद्रीनाथ खांबाचा आधार न घेता उठला. "राहू दे माय. इकडं आण सूप."

"तू बस," दुर्गाबाई म्हणाली. तिला तेव्हाच कळलं असावं.

त्यानं जवारी घेतली. मोठा हात, बोटांना कासऱ्याचे घट्टे. राखेच्या रेघेवरून तो चालला, रोज चालतो तसाच, घाई न करता. दाणे सुटायला लागले आणि थांबले. दोन पडले, एक पडला. तो थांबला नाही; नीट सोडायचं बघत होता. मग झुपका. करंगळी एकदा आपोआप वर गेली आणि त्यानं ती दुसऱ्या हातानं दाबली. टोकाला गेला तोवर वावरातला तास ओट्यावर उगवला होता.

"तिफण मी हाकली, मामी," उषाबाई म्हणाली. "कौसल्या बाहेर होती त्या दिशी. तिनं बियाला हात बी लावला न्हाई."

कोणी रडलं नाही. गल्लीतून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आयुष्यभर तास वाचलेली दुर्गाबाई पुढं झाली आणि लेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन चाचपायला लागली. "हात वला हाय तुझा. वल्या हाताला बी चिकटतं."

"कोरडा हाय, माय."

"आता पाय धुतलेस ना. पानी लागलं असंल."

"माय, कोरडा हाय."

"थंडीनं असंल मंग."

"दसऱ्याच्या उन्हात थंडी कुठली?" बद्रीनाथ थोडा हसला. "गेल्या उन्हाळ्यापून ठावं हाय मला. गाईनं सांगितलं. ती जीपवाली डॉक्टरीण आपली दोन बोटं हातात द्यायची न् म्हणायची, धरून ठेवा, दाबू नका, सोडू नका. दरसाल बराबर जमायचं. शेवटच्या खेपेला ती बोटं काढून घेऊन बराच वेळ लिहीत बसली. मी इचारलं, काय लिहिलं बाई? म्हन्ली, काही नाही. तवा बी तिला कळलं होतं."

दुर्गाबाई खाली बसली आणि ओट्यावरचे दाणे तळहातानं गोळा करून सुपात भरायला लागली. रेघ पुसली तरी ती हात फिरवत होती. उषाबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि तीही दाणे वेचायला लागली. या दोघी एका बाजूला अशा बसलेल्या घरानं पहिल्यांदा पाहिल्या.

भुजंगचा हात खिशात होता. तो त्यानं खिशातच ठेवला.

"तुला मूठ धर म्हणत न्हाई मी," बद्रीनाथ म्हणाला.

"मी धरणार बी न्हाई. मला नको कळायला. बिलकुल नको."

"बरं."

चतुराबाईनं डोळे पुसले. आता तिचं गणित बदललं होतं. "म्हणजे पोरगी सुटली. मंग रविवारचं मोडायचं कारणच उरलं न्हाई. बद्रीचं सांगायची काय गरज हाय? आपल्या घरातलं आपल्या घरात."

"सुटली कोण म्हन्लं, आत्या?" कौसल्या म्हणाली. तिनं अजून मूठ सोडली नव्हती. आता ती राख पुसलेल्या ओट्यावरून चालली आणि मूठ उघडली. दाणे एकामागं एक पडत गेले, दोऱ्यात ओवल्यासारखे. "बघा. सरळ हाय. माझ्या वयात बाबांची बी अशीच सुटत होती. दादाची बी. वावर आजचं सांगतं. उद्याचं सांगत न्हाई."

"मंग उद्याचं कोण सांगतं?"

"ज्यांनी नेलंय ते." ती भुजंगकडं वळली. "तुझ्याकडं त्यांचा नंबर हाय ना?"

"हाय. चार वेळा लावला मी. साहेब मीटिंगमध्ये हायेत."

"आज मी येते."

"तुला का कळून घ्यायचंय, कौसे?" बद्रीनाथ म्हणाला. "कळलं की मागं नेता येत न्हाई. मला विचार. गेल्या उन्हाळ्यापून मी गाईजवळ बसायला भेतो."

"तुला कळलं, दादा, पण कुणी सांगितलं न्हाई. एकटाच बसलास घेऊन. वहिनीला बी सांगितलं न्हाईस. मला तसं नको. रविवारी मच्छिंद्रला मी स्वतः सांगणार हाय. पण सांगू काय? आठ आणे हायेत म्हणून? तो म्हणंल, कोणते आठ आणे? तुझे का तुझ्या भावाचे? मी काय सांगू?"

"ते हो म्हन्ले तर?" बद्रीनाथनं विचारलं.

"तर हो सांगीन. मंग त्यानं ठरवावं. मी बी ठरवीन, लेकरं होऊ द्यायची का न्हाई ते. माझ्या पोटातलं मी ठरवायचं का तुमच्या जवारीनं?"

बद्रीनाथनं चप्पल घातली. "चल. मी बी येतो."

*

काकासाहेबाच्या एसटीडी बूथमध्ये दोन माणसं जेमतेम मावायची. आत कौसल्या आणि भुजंग, काचेबाहेर बद्रीनाथ. काकासाहेब समोसे तळता तळता मीटरवर नजर ठेवून होता. बाजाराचा वार नव्हता, म्हणून बरं.

भुजंगनं नंबर फिरवला. पहिल्यांदा शहरी मराठी बोलला. "नमस्कार, मी भुजंग उगले, जालना जिल्ह्यातून." मग दोनदा "हो" म्हणाला. मग "अहो पण." मग नुसतं ऐकायला लागला, आणि त्याचे कान लाल झाले. मालकानं खडसावल्यावर तो असाच उभा राहायचा. कौसल्यानं त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मी कौसल्या रामराव. माझं रक्त तुमच्याकडं हाय."

पलीकडं एक बाई होती. आवाज थकलेला, वाईट नव्हता. "ताई, तुमच्या भावाला सांगितलं ना मी. तो प्रकल्प दोन वर्षांपूर्वीच संपला."

"आजार चालू हाय."

"मी समजू शकते. पण त्यातल्या माहितीवर नावं नसतात. फक्त नंबर असतात."

"नंबर तुमीच दिले होते. नावं आमच्याकडं हायेत. लिहून घ्या."

"तसं करता येत नाही. ते संशोधन होतं. त्यात एकट्या व्यक्तीला निकाल द्यायचा नसतो. तुम्हाला तपासायचं असेल तर शहरात या. आधी समुपदेशन होईल, मग नव्यानं रक्त द्यावं लागेल."

"पुन्हा रक्त?"

"हो."

"पहिलं कुठाय?"

"फ्रीजरमध्ये असेल."

"मंग त्यालाच विचारा."

"ताई, असं फोनवर नसतं सांगायचं. तुमच्याच भल्यासाठी आहेत हे नियम. अचानक ऐकून माणसं काहीतरी करून घेतात."

हे खरं असेल. कौसल्याला ते पटलंही. काचेबाहेर बद्रीनाथ पाठमोरा उभा होता, हात मागं बांधून; डाव्या हातानं उजव्याची करंगळी धरली होती. नियम जर याच्या भल्यासाठी असते, तर त्याला हे पहाटेच्या अंधारात, बायकोला तिफणीला लावून, मुठीतल्या दाण्यांकडून का कळून घ्यावं लागलं?

"बाई, तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली. "फोनवर सांगू नये. पण सांगायला तुमी आला असता तर आमी ओट्यावर ऐकलं असतं. चहा बी दिला असता. दरसाल दिलाच होता. तुमी म्हन्ल्या होत्या, खूण सापडली की पहिल्यांदा तुमालाच सांगू. सापडली. पेपरात आलं. ती आमच्यातूनच सापडली का न्हाई?"

"मी फक्त फोन घेते, ताई."

"मंग जे घेत न्हाईत त्यांना बोलवा."

"ते मीटिंगमध्ये आहेत."

"मी थांबते."

"ताई, खूप वेळ लागेल."

मीटरचे लाल आकडे पळत होते. काकासाहेबानं झारा बाजूला ठेवून काचेवर टकटक केली. बद्रीनाथनं त्याला हातानंच थांब म्हटलं. तोच हात.

"लागू द्या," कौसल्या म्हणाली. "माझा भाऊ बाहेर उभा हाय. त्याचं त्याला कळलं, तुमी न सांगता. धाकट्याला कळून घ्यायचं न्हाई, त्याचं त्याला सांगू नका. ते त्याचं. मी माझं मागते. दुसऱ्या कुणाचं न्हाई. रविवारी मला एका माणसासमोर बसून खरं बोलायचंय अन् ते खरं तुमच्या फ्रीजरमध्ये पडून हाय. बोलवा त्यांना. म्हणा, कुंभार पिंपळगावहून कौसल्या उगले विचारून राह्यली. माझ्यात ती खूण हाय, का न्हाई? मी फोन ठेवणार न्हाई. सांगा."